पंडिता रमाबाई : दान, हिशेब आणि किल्ली

ओझर हें कुकडी नदीच्या कांठचें गांव. परगांवच्या लोकांस तें विघ्नेश्वराच्या देवळामुळें ठाऊक आहे. खेडोपाडीं फिरणाऱ्या आमच्यासारख्या पाळकांस तें तेथल्या व आसपासच्या वाड्यांतल्या कष्टाळू भगिनींमुळें अधिक ठाऊक आहे. जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत आतां गांवोगांव स्त्रियांचे बचत गट झाले आहेत. कांद्याच्या व टोमॅटोच्या शेतांत दिवसभर राबून आलेल्या बाया एकत्र बसतात, ठरलेली रक्कम पेटींत टाकतात, आणि अडल्यानडल्या बहिणीस त्यांतून कर्ज देतात. आपल्या मंडळ्यांतही भगिनी रोजच्या स्वयंपाकांतून मूठभर धान्य बाजूला काढून प्रभूच्या कार्यास देतात. हें पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु कित्येक ठिकाणीं असेंही दिसतें कीं, पेटी बायांची, पैसा बायांचा, वहीवर सही किंवा अंगठा बायांचा. आणि किल्ली मात्र घरधन्याच्या, पंचांच्या, अथवा, लिहितांना संकोच वाटतो, पाळकाच्या खिशांत.

या किल्लीचा विचार मनांत घोळत असतां आम्हांस पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवलें. ज्या केडगांवीं त्यांचें मोठें कार्य झालें तें आपल्याच पुणें जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांत आहे. त्यांच्या विद्वत्तेची व भक्तीची गोष्ट वाचकांनीं पुष्कळ वेळां ऐकली असेल. आज आम्ही त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू सांगणार आहों. परक्यांनीं दिलेला पैसा त्यांनीं कसा घेतला, कसा वापरला, व त्या पैशाबरोबर आपलें स्वातंत्र्य कसें देऊन टाकलें नाहीं, ही ती बाजू होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळ नांवाच्या रानांत, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, कानडी मुलुखांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. स्त्रीनें संस्कृत शिकावें असें त्यांचें मत होतें, व त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस स्वतः शिकविलें. त्या काळीं हा मोठाच अपराध समजला गेला, व विरोधामुळें शास्त्रीबोवांनीं रानांत बिऱ्हाड केलें. पुढें घरची संपत्ति सरली आणि सारें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. लहान रमेस आईनेंच शिकविलें. तिची शाळा म्हणजे पायाखालची वाट व आईचा आवाज.

मग दुष्काळ आला. थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व थोरली बहीण यांस मृत्यूनें नेलें. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री हीं दोघें उरलीं. उपास काढीत, उघड्यावर निजत, त्यांनीं शेंकडों कोस पायीं प्रवास केला. भूक म्हणजे काय हें रमाबाईंनीं पुस्तकांत वाचलें नव्हतें. पुढें हजारों उपाशी मुलींकडे पाहतांना त्यांस परकेपणा कधीं वाटला नाहीं, त्याचें कारण येथें आहे.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांच्या त्या तरुणीचें संस्कृत ज्ञान पाहून तेथील विद्वान थक्क झाले, व त्यांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. वर निराळ्या जातीचा, निराळ्या प्रांताचा, आणि विवाह नोंदणी पद्धतीनें. त्यामुळें दोन्हीकडचे लोक दुरावले. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें मेधावी वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंतच रमाबाई विधवा झाल्या. जवळ तान्हें मूल, आणि रक्ताचें माणूस कोणी नाहीं.

अशा स्थितींत कोणीही दुसऱ्याच्या आश्रयास जाऊन पडलें असतें. बाई त्याच वर्षीं पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. तेथें स्त्रिया जमत, वाचीत, बोलत, व बालविवाह आणि विधवांची दुःस्थिति यांविषयीं विचार करीत. ज्यांनीं चार माणसांत तोंड उघडलें नव्हतें अशा स्त्रिया सभेंत उभ्या राहूं लागल्या. त्यांत न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे या होत्या. पुढें १९०९ सालीं पुण्यांत सुरू झालेल्या सेवासदनाचें पुढारपण त्यांनींच केलें. त्याच १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. मुलींच्या शाळांस स्त्री शिक्षिका व स्त्री तपासनीस असाव्यात, आणि स्त्रियांस वैद्यकी शिकण्याची सोय व्हावी, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. स्त्रियांचें काम स्त्रियांच्या हातीं द्यावें, हें सूत्र त्यांनीं येथेंच धरलें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वॉन्टेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठांत त्यांची सोय झाली, व २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मनोरमेसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता इकडे येतांच महाराष्ट्रांत मोठा गदारोळ उठला. ज्यांनीं त्यांस डोक्यावर घेतलें होतें त्यांतलेच पुष्कळ त्यांस नांवें ठेवूं लागले. त्या वेळीं महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं आपल्या सत्सार या पत्रकांतून बाईंची बाजू घेतली. ज्या सत्यशोधक समाजाचें मूळ आपल्या जुन्नर तालुक्यांत खोल रुजलें, त्याच्या संस्थापकानें हें केलें ही गोष्ट या भागांतल्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां ख्रिस्ती झाल्यावर बाईंची परीक्षा संपली काय? नाहीं, निराळी परीक्षा सुरू झाली. मठांतल्या भगिनींनीं त्यांस अन्न, वस्त्र व माया दिली होती. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत डोरोथिआ बील या विदुषीच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें. परंतु बाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, कोणती धर्ममतें कशीं मानावीं, हें वरिष्ठांनीं ठरवूं पाहिलें तेव्हां बाईंनीं नम्रपणें पण ठामपणें नकार दिला. उपकार करणाऱ्यांचें ऋण त्या आजन्म मानीत राहिल्या. परंतु आपली सदसद्विवेकबुद्धि देवानें दिली आहे, ती कोणा माणसाकडे गहाण ठेवण्यासाठीं नव्हे, अशी त्यांची धारणा होती. या प्रसंगाचा आमच्यासारख्या पाळकांनीं विशेष विचार करावा. ज्यास आपण प्रभूकडे आणिलें तो आपला चाकर झाला, असें मानण्याचा मोह आम्हांस पडत नाहीं काय?

१८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. थोडे दिवस राहण्याच्या बेतानें गेलेल्या बाई तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची बालोद्यान पद्धति त्या शिकल्या, आणि शहरोशहरीं हिंडून आपल्या देशांतल्या विधवांची स्थिति त्यांनीं लोकांपुढें मांडली. १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं त्यांनीं इंग्रजींत पुस्तक काढलें. आनंदीबाईंच्या विद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली. तें पुस्तक हजारों लोकांनीं विकत घेतलें.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बॉस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन नांवाची संस्था निघाली. हिची रचना कशी होती तें नीट पाहिलें पाहिजे. एखाद्या श्रीमंतानें थैली रिकामी केली असा हा प्रकार नव्हता. गांवोगांव लहान लहान मंडळें झालीं. त्यांतल्या सभासदांनीं दरसाल निदान एक डॉलर याप्रमाणें दहा वर्षें वर्गणी देण्याचें वचन दिलें. देणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, व कार्यकारी मंडळाचें पुढारपण ज्युडिथ अँड्र्यूज या बाईंकडे होतें. थोडें, नियमानें, ठरलेल्या मुदतीपर्यंत, आणि पुष्कळांच्या हातून. आपल्या बचत गटांची रीतही याहून फार निराळी नाहीं. असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापले जात, म्हणजे दिलेल्या डॉलराचें काय झालें हें देणाऱ्यास कळे. एक अट मात्र स्पष्ट होती. शाळा कोणत्याही एका पंथाची नसावी. विधवांवर धर्माची सक्ति होऊं नये. बाईंनीं ती अट मान्य केली होती, व हिंदुस्थानांत न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर गृहस्थांचें सल्लागार मंडळ नेमलें गेलें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीनजीक शारदासदन उघडलें. उद्घाटनाच्या सभेचें अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकर या लेखिकेस दिलें होतें. पुरुषांनीं भरलेल्या त्या शहरांत त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हे. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची बालविधवा होती. केस काढलेली, लाल आलवणांत वावरणारी स्त्री कोणत्याही घरांत अपशकुनी ठरे. येथें तिच्या हातीं पाटी-पुस्तक आलें. १८९० सालीं सदन पुण्यास हलविलें. १८९३ च्या मार्चांत त्याच गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांशीं पुनर्विवाह झाला, व त्या आनंदीबाई कर्वे या नांवानें प्रसिद्ध झाल्या. कर्व्यांनीं पुढें १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली, तींतून हिंगण्याचा मोठा वृक्ष वाढला. एका विधवेस मिळालेल्या चार अक्षरांची सांवली किती दूर पडली तें पहा.

परंतु १८९३ सालींच मोठें वादळ झालें. बाई पहांटे आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या, व कांहींच्या मनांत ख्रिस्ताविषयीं ओढ उत्पन्न झाली. वर्तमानपत्रांतून, विशेषतः केसरींतून, टीकेचा भडिमार झाला. सल्लागार मंडळानें राजीनामा दिला, व अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. येथें आम्ही न्यायानें लिहूं इच्छितों. ज्या पालकांनीं समाजाचा रोष पत्करून विधवा मुली शाळेंत घातल्या त्यांची भीति खोटी नव्हती, आणि रानडे-भांडारकरांसारखीं माणसें स्त्रीशिक्षणाचीं वैरी नव्हतीं; दिलेल्या वचनाचा प्रश्न त्यांनीं खऱ्या मनानें विचारला. बाईंचें म्हणणें असें कीं, आपण कोणावर सक्ति केली नाहीं, कोणास हिंदु रीतीनें वागण्याची मनाई केली नाहीं. पण स्वतःचें दार लावून लपून प्रार्थना करणें आपल्यानें व्हावयाचें नाहीं. दोन्हीकडे कांहीं सत्य होतें, व त्याची किंमत मुलींनीं दिली. जिला घरीं परत नेलें तिची पाटी सुटली. दानाच्या अटी आरंभींच स्वच्छ शब्दांत ठरल्या नाहींत, अथवा दोन पक्षांनीं त्यांचे दोन अर्थ केले, तर दुःख निर्बळाच्या वांट्यास येतें, हा धडा आम्हीं विसरूं नये.

बॉस्टनच्या मंडळीनें चौकशी केली, पण हात काढून घेतला नाहीं. दहा वर्षांचें वचन त्यांनीं पुरें केलें. शाळा टिकली, व हळूहळू पुन्हां भरली.

दहा वर्षांनंतर पैसा थांबला तर काय, हा विचार बाईंनीं आधींच केला होता. केडगांव स्टेशनाजवळ त्यांनीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली. तेथें फळझाडें लावून शाळेस उत्पन्न व्हावें असा हेतु होता. दुसऱ्याच्या दानावर उभें राहिलेलें काम पुढें स्वतःच्या पायांवर चालावें, ही दृष्टि त्यांत होती. परंतु देवाची योजना निराळी दिसली. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. बाईंस आपले आईबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता, आणि सरकारी निर्बंधांमुळें इतकीं माणसें शहरांत ठेवितां येईनात. मग केडगांवच्या त्या उघड्या माळावर राहुट्या व छपरें उभीं राहिलीं. त्यांतूनच मुक्तिसदन झालें. १९०० च्या सुमारास गुजराथेंतल्या दुष्काळांतून आणखी मुली आल्या, आणि केडगांवची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या माणसांस रोज जेवूं घालणें म्हणजे काय, हें ज्या भगिनीनें मंडळीच्या सणाचा स्वयंपाक एकदां तरी केला असेल तिला विचारावें. तेथें दळण होतें, विहिरी होत्या, गोठा होता, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आणि हीं सर्व कामें मुली व स्त्रियाच करीत. ज्या मुलीस दुष्काळांतून उचलून आणिलें ती कांहीं वर्षांनीं खिळे जुळवीत होती, कापड विणीत होती, किंवा दुसऱ्या मुलींस शिकवीत होती. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. वृद्धांची व आंधळ्यांची सोय झाली. मनोरमेनें आंधळ्यांची उठावाची लिपि शिकून ती तेथें शिकविली. बाईंच्या सहकारी सुंदराबाई पवार यांनीं पुढें पुण्यांत स्त्रियांस धर्मकार्याचें शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था चालविली. बाईंच्या आश्रमांत आलेली बाई केवळ खाणारें तोंड राहूं नये, काम करणारे हात व्हावी, आणि जमल्यास कारभार पाहणारें डोकें व्हावी, असा तो क्रम होता.

त्याच छापखान्यांत बाईंच्या आयुष्याचें शेवटचें मोठें काम झालें. साध्या बायकांस समजेल अशा मराठींत, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून, त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. उतारवयांत त्या भाषा शिकून अनेक वर्षें त्या या कामीं झिजल्या. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलईंत, जिच्यावर पुढचा भार टाकावयाचा ती मनोरमा आईच्या आधीं गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं पंडिता रमाबाई प्रभूमध्यें निजल्या.

थोरांच्या चरित्रांत दोष झांकूं नयेत. केडगांवचा कारभार बाईंच्या एकट्याच्या हातांत फार काळ राहिला, आणि जिला वारस म्हणून तयार केलें ती अकालीं गेली. एकाच कमरेला सर्व किल्ल्या असल्या म्हणजे ती कमर थकल्यावर घर घाबरें होतें. तरीही काम बुडालें नाहीं. त्यांच्या मरणास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, पण केडगांवीं पंडिता रमाबाई मुक्ति मिशन चालू आहे. हें कसें झालें? त्या किल्ल्या एका कमरेला होत्या, परंतु काम शेंकडों हातांस शिकविलें होतें.

आतां आमच्या पेटीकडे वळूं. या चरित्रावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते: देणाऱ्याचा हक्क हिशेबावर आहे, किल्लीवर नाहीं. बाईंनीं बॉस्टनच्या डॉलरांचा हिशेब दिला. पण आपलें मन, आपली प्रार्थना आणि आपल्या मुलींचें भवितव्य त्या डॉलरांना विकलें नाहीं. आणि देणाऱ्या शहाण्या बायांनींही तें मागितलें नाहीं. आमच्या खेड्यांत मात्र उलट होतें. हिशेब कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगत नाहीं. आणि किल्लीवर मात्र सर्वांचा डोळा. नवरा म्हणतो, तुला बँकेंतलें काय कळतें. पंच म्हणतात, बायकांस आंकडे कोठून येणार. आणि आम्ही पाळक म्हणतों, आमच्याकडे असूं द्या, सुरक्षित राहील. आम्हीं स्वतः कांहीं वर्षें एका भगिनी मंडळाची पेटी अशीच आपल्या घरीं ठेविली होती. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाहीं. परंतु त्या वर्षांत त्या भगिनींपैकीं एकही वही लिहावयास शिकली नाहीं. पैसा सुरक्षित राहिला, बाया मात्र होत्या तेथेंच राहिल्या. याला आम्ही आतां आपली चूक म्हणतों.

म्हणून ओझर व आसपासच्या गांवांतल्या, आणि सर्वच मंडळ्यांतल्या उपदेशकांस व कारभाऱ्यांस आमची विनंति आहे. भगिनींची पेटी व किल्ली भगिनींकडे द्यावी. जिला लिहितां येत नाहीं तिला, मंडळींतली एखादी शिकलेली मुलगी शेजारीं बसवून, वही शिकवावी. दर महिन्यास जमा व खर्च सभेपुढें मोठ्यानें वाचावा, म्हणजे संशयास जागा राहणार नाहीं. एक भगिनी कारभार पाहात असतां दुसरी तिच्याबरोबर तयार व्हावी. आणि बाहेरून कोणी मदत देऊं केली तर ती घेण्यापूर्वीं तिच्या अटी सर्वांस समजतील अशा भाषेंत वाचून घ्याव्यात.

भगिनींनो, तुम्हांसही एक शब्द. किल्ली हातीं आली म्हणजे भार हातीं येतो. चूक होईल, कधीं रक्कम जुळणार नाहीं, कोणी टोचून बोलेल. रानांत जन्मलेल्या, दुष्काळांत पोरक्या झालेल्या एका विधवेनें यापेक्षां जड ओझें उचललें, आणि तें उचलतांना दुसऱ्या हजारोंना उभें केलें. मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेस प्रभूनें पाहिलें. त्या टोल्या तिच्या स्वतःच्या हातांत होत्या. तुमचेही हात तो पाहात आहे.